राणीसाहेबांचा तीळ

बाल्तासार ओर्दुन्याला समोरचं माणूस धड दिसेनासं झालंय, हे वायादोलिद शहरात फक्त दोघांना ठाऊक होतं: त्याला स्वतःला आणि त्याच्या बायकोला, ब्रिआंदाला. दरबारी चित्रकाराचे डोळे गेले की पद जातं आणि पदाबरोबर राजवाड्यामागच्या गल्लीतलं घरही जातं. म्हणून दोघं तोंड मिटून होती.

तसं पाहिलं तर थोरल्या राणीसाहेब डोन्या ब्लांका यांचं चित्र काढायला डोळे फारसे लागतही नसत. बाल्तासारनं तरुणपणी एकदाच त्यांना समोर बसवून चेहरा काढला होता. तो दरबाराच्या पसंतीस उतरला आणि त्याचा खाका झाला. खाका म्हणजे जाड कागद, त्यावर रेघांवरून सुईनं भोकं पाडलेली. नवं चित्र हवं असलं की खाका फळीवर ठेवायचा, कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी त्यावर आपटायची आणि उमटलेल्या ठिपक्यांवरून रंग भरायचा. मठांत, कचेऱ्यांत, परमुलखांत राणीसाहेब त्याच एका चेहऱ्यानं जात आल्या होत्या. सरळ समोर बघणारा चेहरा, एक भुवई किंचित वर, ओठाच्या कोपऱ्याशी तीळ. राणीसाहेब विधवा झाल्या, त्यांचे केस पिकले. खाक्यातल्या राणीसाहेब होत्या तशाच राहिल्या.

यंदाचं चित्र मात्र मुलीसाठी होतं. राजकन्या कोस्तान्साला लहानपणीच उत्तरेला, समुद्रापलीकडे दिली होती. आता तिला पहिलं मूल होणार होतं आणि तिनं आईचं चित्र मागवलं होतं.

चित्रासाठी राणीसाहेबांचा काळा पोशाख राजवाड्यातून आला. तो माणसाएवढ्या लाकडी बाहुल्याला घालायची रीत. पण बाहुल्याचा खांदा किड्यांनी पोखरला होता, म्हणून ब्रिआंदाच पोशाख चढवून खुर्चीत बसली.

"चित्रकार, आम्हाला भूक लागलीय," ती म्हणाली. "लसणीचं सूप आणा. वर अंडं फोडून."

"हलू नकोस गं. चुण्या मोडतात."

"राणीला अगं-तुगं करता? मुंडकं उडवीन!"

"उडव. पण आधी बाही सरळ कर."

ब्रिआंदा खुदकन हसली. मग हळूच म्हणाली, "अहो, खरं सांगा. माझं तोंड दिसतंय का तिथून?"

"काळं काहीतरी दिसतंय. त्याच्या वर गोरं काहीतरी दिसतंय."

"अरे देवा! मला गोरी म्हणताय म्हणजे डोळे गेलेच की."

चित्र वाळलं, तसं ते राजवाड्यात नेण्यात आलं. राणीसाहेब खिडकीपाशी बसल्या होत्या. चित्रकारानं गालिच्याच्या काठावर थांबायचं, पुढं पाऊल टाकायचं नाही, अशी शिस्त. तिथून बाल्तासारला नुसता काळा डोंगर दिसला. भिंतीवर खाक्यावरूनच काढलेलं जुनं चित्र टांगलेलं होतं. त्याच्याशेजारी नवं टेकवलं गेलं.

कारभारी सेन्योर गुतिएर्रे दोन्ही चित्रांसमोर बराच वेळ मान इकडून तिकडे करत राहिले.

"ओर्दुन्या, तीळ कुठल्या बाजूला आहे?"

बाल्तासारला काही कळेना. दरबाऱ्यांपैकी कुणीतरी फिस्सकन हसलं.

"या जुन्या चित्रात इकडे आहे. तुमच्या नव्या चित्रात तिकडे. भुवईसुद्धा उलटी! राणीसाहेब आहेत की त्यांची जुळी बहीण?"

बाल्तासारला चूक उमगली. वर्षानुवर्षं कोळसा खाऊन खाक्याच्या दोन्ही बाजू सारख्याच काळ्या झाल्या होत्या. त्यानं तो पालथा ठेवला होता.

"खाका उलटा पडला, सेन्योर. माझ्या लक्षात आलं नाही."

"लक्षात आलं नाही, की दिसलं नाही?"

बाल्तासार टोपी हातात चुरगाळत उभा राहिला.

"तोलेदोचा एक तरुण चित्रकार तुमच्या जागी यायला तयारच आहे," गुतिएर्रे म्हणाले. "हे घरी घेऊन जा. राजकन्येकडे भिंतीवरचंच पाठवू."

"थांबा," राणीसाहेब म्हणाल्या. "ते नवं इकडे आणा."

चित्र त्यांच्या गुडघ्यांशी टेकवलं गेलं. त्या वाकून बघत राहिल्या.

"कोस्तान्सा रोज सकाळी माझ्या मांडीवर येऊन बसायची," त्या म्हणाल्या. "आरशासमोर. दासी माझी वेणी घालायची आणि ही आरशातून मला जीभ काढून दाखवायची. मग मीही दाखवायची."

गुतिएर्रेंनी नजर जमिनीकडे वळवली. राणीसाहेबांची जीभ हा काही दरबारात बोलायचा विषय नव्हे.

"एरवी आम्हाला एकमेकींकडे बघायला सवड कुठं होती? दरबारात ती दायांबरोबर माझ्या मागे उभी असायची. आई बघितली ती तिनं आरशातच. बोट ओलं करून आरशावरचा तीळ पुसायला बघायची. तो या बाजूला असायचा." त्यांनी चित्रातल्या तिळाजवळ बोट नेलं. "भिंतीवरची बाई मला कधी माझी वाटलीच नाही. का ते आज कळलं. हेच जाईल."

बाल्तासारवरचं संकट टळलं होतं. इथंच मुजरा करून निघायला हवं होतं. पण त्याला राहवेना.

"राणीसाहेब, क्षमा असावी. पण ही... ही तेव्हाची आहे. तुम्ही आता..."

"म्हातारी झालेय. बोला की."

"मला ठाऊक नाही, राणीसाहेब. मला इथून तुम्ही दिसत नाही."

झालं! ब्रिआंदानं इतके दिवस जिवापाड जपलेलं गुपित त्यानं भर दरबारात सांडून टाकलं होतं. ती घरी काय म्हणेल, हे आधी त्याच्या मनात आलं.

"मग कुठून दिसेन?"

"हातभर अंतरावरून."

"तर मग या."

"गालिच्यावर?" गुतिएर्रे दचकून म्हणाले.

"गालिच्यावर. खुर्चीही द्या त्यांना. आणि तोलेदोच्या त्या मुलाला घोडे काढायला सांगा. घोडे लांबून चांगले दिसतात. माझी चित्रं हेच काढतील, जवळ बसून. तो भोकांचा कागद मात्र जाळून टाका."

रंगांची पेटी आली. राणीसाहेबांनी आरसा मागवला आणि बाल्तासार त्यांच्या शेजारी, खांद्याला खांदा लागेल इतका जवळ बसला. आरशातल्या चेहऱ्याकडे बघत त्यानं चित्रात कानाजवळच्या केसांत पांढरा रंग ओढला, डोळ्यांखाली मऊ सावली घातली, ओठांभोवतीच्या रेघा हलक्या हातानं काढल्या. तीळ जिथं होता तिथंच ठेवला. इतकी वर्षं ज्या चेहऱ्याच्या जिवावर आपण जेवलो, तो केवढा दमलाय आणि किती देखणा आहे, हे त्याला आता कुठं कळत होतं.

मधेच आरशात राणीसाहेबांच्या ओठांतून जिभेचं टोक बाहेर आलं आणि चटकन आत गेलं.

बाल्तासारनं मान खाली घालून ब्रश पुसला. आजवर तो दिसतंय असं दाखवत आला होता; आज काही दिसलं नाही असं दाखवणं त्याला गोड वाटत होतं.

घरी जाताना तो सांता लुसियाच्या देवळात शिरला. डोळ्यांची राखण करणारी ही संत. तिच्यापुढं ब्रिआंदा रोज मेणबत्ती लावून नवऱ्याची नजर मागत असे. आज बाल्तासारनं स्वतः मेणबत्ती लावली. मागितलं काहीच नाही. हात जोडून नुसता उभा राहिला.

दारातच ब्रिआंदानं विचारलं, "काय झालं? कळलं का कुणाला?"

"सगळ्यांना सांगून आलो," तो म्हणाला. "सूप टाकतो. अंडं घालून. माझ्या राणीसाहेबांना भूक लागली असेल."