थांबता न आलेली 'एल्स्पेथ'

मी 'एल्स्पेथ' बोलतेय. हाँगकाँगच्या बंदरात कोळशाखाली दबून पडलेय, म्हणून तुम्ही मला ओळखणार नाही. पण एके काळी चहा घेऊन लंडनला धावणाऱ्या नौकांत माझं नाव निघालं की इतर कप्तान तोंड वाकडं करायचे.

माझा जन्म स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनचा. सुतारांनी माझी नाळ, म्हणजे पाणी कापणारं पुढचं टोक, सुरीसारखी निमुळती केली, अंग सडपातळ ठेवलं. शिंपले चिकटून चाल मंदावू नये म्हणून तळाला तांब्याचा पत्रा ठोकला. वर उंच डोलकाठ्या आणि शिडांची नुसती गर्दी.

"पोटात जागाच कुठं ठेवलीत?" मालक कुरकुरला.

"म्हैस हवी होती तर आधी सांगायचं," मुकादम म्हणाला.

चीनमधल्या फूचौ बंदरात हंगामाचा पहिला चहा भरला जाई. चिनी हमाल लाकडी हातोड्यांनी ठोकून पेट्या इतक्या गच्च बसवत की मधे उंदीर शिरणार नाही. मग शर्यत. लंडनला पहिली पोचेल तिच्या चहावर व्यापारी तुटून पडत, मागून येणारीला कुणी विचारत नसे. मला त्याचा माज होता, खोटं कशाला बोलू?

त्या वर्षी सुकाणूवर मॅग्नस लीस्क होता आणि शिडांवर त्याचा धाकटा भाऊ टॅम. निघताना आईनं मॅग्नसला बजावलं होतं, "धाकट्याला घेऊनच ये." कप्तान होते रॅट्रे. वारा वाढला की घाबरून कुणी शिडं सैल सोडू नयेत, म्हणून ते शिडांच्या साखळ्यांना कुलूप घालून किल्ली खिशात ठेवत. आमच्या शर्यतीतल्या बऱ्याच कप्तानांची ती रीतच होती.

आफ्रिकेच्या टोकाशी वारा पिसाळला. मागे दुसऱ्या नौकेची शिडं दिसत होती. वर एक शीड फाटलं, ते बांधायला टॅम चढला.

"नीट धर रे, माकडा!" मॅग्नस ओरडला. "तुझ्याशिवाय घरी गेलो तर आई मला लापशीसुद्धा वाढायची नाही!"

"मग तुझ्या वाटची मीच खातो, दादा!"

तेवढ्यात त्याच्या पायाखालचा दोर तुटला. तो पाण्यात पडला, वर आला, हात उंचावून पोहू लागला.

"कप्तानसाहेब, शिडं सोडा!" मॅग्नस किंचाळला. भरल्या शिडांनी मला वळवलं असतं तर डोलकाठ्या मोडून सगळेच बुडालो असतो.

रॅट्रे काही राक्षस नव्हते. धावतच आले, किल्ली लावली. पण खाऱ्या पाण्यानं कुलूप आतून गंजलं होतं. "फिरत नाही... फिरतच नाही रे!" ते रडकुंडीला आले. कुणीतरी हातोडा आणायला पळालं.

आणि मी धावत होते. मला थांबायचं होतं हो! पण ती निमुळती नाळ, ते सडपातळ अंग, ती शिडं, सगळ्यांनी मिळून मला टॅमपासून लांब नेलं. मॅग्नस सुकाणू धरून मान वळवून बघत राहिला. तो हात लहान होत गेला. कुलूप फुटलं, शिडं सुटली, आम्ही मागे वळलो, तेव्हा तिथं नुसतं पाणी होतं. अंधार पडेपर्यंत आम्ही शोधलं.

शर्यत तरीही मीच जिंकले. धक्क्यावर लोकांनी टोप्या उडवल्या. मॅग्नस सगळ्यांत शेवटी उतरला, माझ्या अंगावर हात ठेवून म्हणाला, "एवढं पळायची काय गरज होती गं तुला?" त्यानं पुन्हा माझ्यावर पाऊल ठेवलं नाही. घरी आईला काय सांगितलं असेल त्यानं?

पुढे सुएझचा कालवा झाला, त्या जवळच्या वाटेनं आगबोटी चहा नेऊ लागल्या. माझ्या डोलकाठ्या कापल्या, पोटात कोळसा ओतला. आता त्या आगबोटी माझ्याकडून कोळसा घेतात आणि धूर सोडत निघून जातात. तळाच्या तांब्यावर शिंपल्यांचे थर चढलेत. साखळदंडांनी बांधलेली मी वीतभरही पुढं सरकत नाही.

टॅम, पोरा, अजून पोहत असलास तर ये. मी आता थांबलेय.