कधीच न हरलेली टीम

आमच्या टीमला सिनेमात काम मिळालं, ते कधीच न हरलेल्या टीमचं. हे ऐकून मालतीबाई इतक्या हसल्या की त्यांना ओढणीने डोळे पुसावे लागले. हसण्यासारखंच होतं. चार वर्षांत आम्ही एकोणीस सामने खेळलो, त्यातले अठरा हरलो. एक जिंकलो, कारण बारडोलीच्या मुलींचा टेम्पो वाटेत बंद पडला आणि त्या आल्याच नाहीत.

मी रंजना, या टीमची कॅप्टन. टीम म्हणजे सुरतच्या नवागाममधल्या एका मराठी शाळेतल्या आजी-माजी मुली. मालतीबाई तिथे पीटी शिकवतात. लग्नाआधी त्या धुळ्याकडून हॉकी खेळायच्या. सुरतला आल्यावर त्यांनी शाळेमागच्या रिकाम्या जागेतले खडे वेचले, दोन विटा गोलपोस्ट म्हणून मांडल्या आणि आम्हाला कामाला लावलं. आमचे आईबाप खानदेशातून, मराठवाड्यातून लूमवर, म्हणजे कापडाच्या यंत्रमागावर, काम करायला आलेले. त्यांच्या लेखी हॉकी म्हणजे वाकडी काठी, आणि ती घेऊन धावणाऱ्या पोरीही जरा वाकड्याच.

सिनेमाची गोष्ट अशी होती की गरीब घरच्या पोरींची एक टीम असते, कोणी त्यांना विचारत नाही, एक कडक कोच येतो आणि शेवटी त्या चॅम्पियन टीमला हरवतात. यातल्या गरीब पोरी मुंबईहून आल्या होत्या. एक माणूस रोज सकाळी त्यांच्या केसांना ब्रशने धूळ लावायचा. माजोरड्या चॅम्पियन म्हणजे आम्ही. आम्हाला कडक इस्त्रीच्या निळ्या जर्सी मिळाल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा आमचे पाय टर्फवर पडले. चेंडू मारला की तो सरळ जातो, हे मला सतराव्या वर्षी कळलं.

सगळ्याजणी खुशीत होत्या, एक कविता सोडून. कविता आमची गोलकीपर. शूटिंगच्या आदल्या आठवड्यात तिच्या वडिलांनी, राघोकाकांनी, बाईंना घरी बोलावलं होतं. मीही सोबत गेले होते.

"अठरा खेपा हारन्यात पोरी," काका म्हणाले. "आखो कितल्या खेपा? ते सिनेमानं काम होऊ द्या. सोमवारपाइन कविता पर्वत पाटियाना कारखानामा जाई. साड्यासले लेस लावानं काम शे."

राघोकाका काही वाईट माणूस नाही. पण बारा-बारा तासांच्या पाळ्या करणाऱ्या या माणसाने आपल्या पोरीला एकदाही खेळताना पाहिलं नव्हतं. त्यांनी पाहिला होता तो फक्त निकाल. बाई सगळ्या शाळेला गप्प करतात, पण त्या दिवशी चहा संपवून उठल्या आणि निघाल्या. अठरा हरलेल्या सामन्यांचा हिशेब त्यांनाही ठाऊक होता. कविता कोपऱ्यात पॅडचे पट्टे शिवत बसली होती.

शूटिंगचा शेवटचा दिवस शनिवारी आला. लूमना सुट्टी होती, म्हणून कंपनीने गर्दीसाठी नवागामहून दोन बसगाड्या भरून माणसं आणली. त्यात राघोकाकाही होते. सिनेमात तोंड दिसणार म्हणून दाढी करून आले होते. सगळ्यांच्या हातात पिवळे झेंडे दिले, म्हणजे हिरॉईनच्या टीमचे. आमच्याच गल्लीतल्या माणसांनी आमच्या विरुद्ध ओरडायचं होतं.

सीन एकच राहिला होता. पेनल्टी स्ट्रोक. हिरॉईन तारा सहा-साडेसहा मीटरवरून चेंडू मारणार, समोर एकटी गोलकीपर, गोल होणार, गर्दी नाचणार, सिनेमा संपणार. डायरेक्टरला हे सगळं एका दमात हवं होतं, मध्ये कुठेही न तोडता. हेल्मेट, पॅड, ग्लोव्हज घालून कविता गोलमध्ये उभी राहिली. ताराने मारलं. कविताने अडवलं.

डायरेक्टर हसला. परत घेऊ म्हणाला. कविताने परत अडवलं. असं पाच वेळा झाल्यावर तो हसायचा थांबला आणि माइकवरून ओरडला, "बेटा, छोड देना है. बस छोड देना है."

कविताने मनापासून प्रयत्न केला, हे मी शपथेवर सांगते. चेंडू उजवीकडे आला की तिने डावीकडे उडी मारली, तरी हातातली काठी उजवीकडे जाऊन चेंडूला लागलीच. शिवाय कॅमेऱ्याच्या पडद्यावर ती रिक्षाखाली येता येता वाचल्यासारखी दिसत होती. मग तिने अर्धीच उडी मारली, तर मागे राहिलेला पाय आपोआप आडवा गेला आणि चेंडू पॅडवर आपटून बाहेर. चार वर्षं रोज सकाळी आम्ही दहाजणी तिच्यावर चेंडू मारत होतो. अंगात मुरलेलं ते कोणी माइकवरून ओरडलं म्हणून निघतं का? हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, अशी सगळ्या कंपनीची गत झाली. चौदा वेळा मारून झालं, ऊन उतरायला लागलं.

डायरेक्टरने बाईंना बोलावलं. "तुम्ही सांगा तिला. नाहीतर दुसरी कोणी उभी करतो. हेल्मेटमध्ये कोण आहे ते कोणाला कळतंय?"

"उभी करा," बाई म्हणाल्या. "पण मी तिला चार वर्षांत एकच गोष्ट शिकवली आहे. ती विसर, असं माझ्या तोंडून निघणार नाही."

मला बाईंचा इतका अभिमान कधीच वाटला नव्हता, आणि इतकी भीतीही. कविताने हेल्मेट काढलं. चेहरा घामाने निथळत होता, आणि सगळाच काही घाम नव्हता. तिला वाटलं, आता आपल्याला काढलं.

तेवढ्यात तारा मध्ये आली. गोरीमोरी झाली होती बिचारी. सहा महिने तिने मुंबईत हॉकीचा सराव केला होता आणि सगळ्यांनी तिला फार छान, फार छान म्हणून सांगितलं होतं. "कोणी बदलायची नाही," ती डायरेक्टरला हिंदीत म्हणाली. मग बाईंकडे वळली. "मुझे सिखाइए. सचमुच का."

बाईंनी अर्धा तास मागून घेतला. "कविता कुठे कमी पडते ते मी सांगणार नाही," त्या ताराला म्हणाल्या, "ती माझी पोरगी आहे. चेंडू कसा उचलायचा तेवढं सांगते." मग ताराचा हात धरून मनगट कसं वळवायचं, पुढचा पाय कुठे टाकायचा, नजर कुठे ठेवायची नाही, ते दाखवत राहिल्या. मध्येच कविताला हाक मारून म्हणाल्या, "आणि तू, अडवशील तेवढं अडव."

हे खाली चाललं होतं तेव्हा वर स्टँडमध्ये राघोकाका शेजारच्याला विचारत होते की हेल्मेट काढलेली ती पोरगी ओळखीची का वाटते. आपली पोरगी कुठल्या जागी खेळते हे त्यांना तोवर ठाऊकच नव्हतं. दोन तास ते ज्या गोलकीपरला मनातल्या मनात शिव्या देत होते, घरी जायला उशीर करते म्हणून, ती कोण आहे हे त्यांना आत्ता कळलं. तीस वर्षं लूमच्या खडखडाटात काम केलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही. काका उठून उभे राहिले आणि जे म्हणाले ते सगळ्या मैदानाला ऐकू गेलं.

"मनी आंडेर शे ती."

आंडेर म्हणजे लेक. कविताने वर पाहिलं, हेल्मेट घातलं आणि पट्टा घट्ट ओढला.

त्यानंतर जे झालं ते कुठल्याच कागदावर लिहिलेलं नव्हतं. ताराने मारलेला पंधरावा फटका पहिल्यांदाच खऱ्या हॉकीचा होता. कविताने तो ग्लोव्हजने बाहेर ढकलला आणि स्टँड उठलं. सोळाव्याला शिट्ट्या आल्या. अठराव्याला पिवळे झेंडे बाकांखाली गेले होते आणि दोन बसभर माणसं कविताच्या नावाने ओरडत होती. डायरेक्टर माइकवरून सांगत होता की तुम्ही ताराच्या बाजूचे आहात. कोण ऐकतंय? विसावा खाली, एकविसावा गुडघ्यावर, बाविसावा तर तिने आडवी होऊन काठीच्या टोकाने काढला. मी कॅप्टन असून लहान पोरीसारखी उड्या मारत होते. अठरा सामन्यांत आमच्यासाठी कोणी टाळी वाजवली नव्हती. त्या सगळ्या टाळ्या एकदम आल्या.

तेविसाव्याला ताराने पाय टाकला, मनगट वळवलं, आणि चेंडू वरच्या कोपऱ्याकडे निघाला. कविता झेपावली. ग्लोव्हजला घासून चेंडू जाळीत गेला.

गोल. खराखुरा, कोणी न सोडलेला.

आणि स्टँडमध्ये कोणी हूं की चूं करेना. डायरेक्टर हात उडवून नाचा, नाचा म्हणत होता. सगळे सुतकात बसल्यासारखे बसले. शेवटी कविताच उठली. तिने ते जाडजूड ग्लोव्हज एकमेकांवर आपटून ताराला टाळी दिली. मग मात्र सगळं स्टँड उठलं. ताराने धावत येऊन पॅडसकट तिला मिठी मारली, ती रडत होती, आणि हे सगळं त्याच एका दमात कॅमेऱ्यात आलं. डायरेक्टरला जे हवं होतं त्यापेक्षा बरंच जास्त मिळालं, आणि एवढं होऊन तो बाईंच्या पाया पडायला आला, ते बाईंनी होऊ दिलं नाही.

राघोकाका खाली उतरले. कविता हेल्मेट हातात घेऊन उभी राहिली. सगळं मैदान तिचं नाव घेत होतं आणि तिला भीती होती ती या एका माणसाची.

"आबा, एक गया," ती म्हणाली.

"बावीस आडायात ना," काका म्हणाले. "धागा तुटना म्हनीसन कोनी माग बंद करस का? गाठ मारानी नी चालू करानं."

मग ते बाईंकडे वळले. शेजारी उभ्या माणसाशीही ते कारखान्यात बोलल्यासारखेच बोलतात, त्यामुळे आम्हा सगळ्यांनाच ऐकू आलं.

"बाई, सोमवारले कितला वाजता येवानं इले?"

"सहाला," बाई म्हणाल्या. ओढणी पुन्हा डोळ्यांना लागली होती.

"मी सोडाले येसू," काका म्हणाले.