नूतनच्या पाठवणीचा आवाज

कॅसेटच्या पाठीवरचं अक्षर प्रेमराजचं स्वतःचंच होतं. 'नूतनचा शुभविवाह, १९९८.' ते वाचून त्याने काउंटरसमोर बसलेल्या म्हाताऱ्या बाईकडे पुन्हा निरखून पाहिलं.

"शेवंताबाई ना तुम्ही?"

"व्हय. मी तर आवाजावरूनच वळखलं तुले, प्रेमराज. दिसत नही मले आता."

काचबिंदूने दोन वर्षांत तिचे दोन्ही डोळे गेले होते. सोबत आलेला तिचा मुलगा भूपेंद्र मुक्ताईनगरकडे केळीची शेती करायचा. बहिणीच्या लग्नात तो आठ वर्षांचा होता.

"आईला ताईचा आवाज ऐकायचाय," तो म्हणाला. "आमच्याकडचा व्हीसीआर कधीच भंगारात गेला. मोबाईलवर लावता येईल असं काहीतरी करून द्या."

प्रेमराजने मान हलवली आणि चार दिवसांनी यायला सांगितलं. पूर्वी मुक्ताईनगरला त्याचा स्टुडिओ होता, तालुक्यातली निम्मी लग्नं त्याच्या कॅमेऱ्यातून गेली होती. आता जळगावातल्या या दुकानात तो लोकांच्या जुन्या कॅसेटी पेन ड्राइव्हवर उतरवून द्यायचा. नूतनचं काय झालं ते त्याला ठाऊक होतं. लग्नाला वर्ष व्हायच्या आत ती दोंडाईच्याकडच्या सासरच्या मळ्यात, विहिरीत सापडली होती. पाय घसरला असं सासरच्यांनी सांगितलं. माहेरच्यांनी ऐकून घेतलं.

मायलेक गेल्यावर त्याने फितीवरची बुरशी पुसली, कॅसेट मशीनमध्ये घातली आणि त्याला ज्याची भीती होती तेच झालं. नूतन मैत्रिणींशी बोलत होती, मामाला हाक मारत होती, नाव घेत होती. ओठ हलत होते आणि वर सिनेमाची गाणी वाजत होती. ती गाणी त्यानेच भरली होती. त्या काळी मूळ आवाज कोणालाच नको असायचा. पंगतीतला गोंधळ, भटजींचा खोकला, बायकांची कुरबुर, सगळं पुसून त्यावर सनई नाहीतर गाणी चढवायची. लोक खूश व्हायचे.

मूळ शूटिंगच्या कॅसेटी तो पुन्हा पुन्हा वापरायचा, एका लग्नावर दुसरं लग्न. माळ्यावरच्या पेटीत त्यातल्या तीसेक पडून होत्या. दोन दिवस तो एकेक लावून बघत बसला. एका कॅसेटवर 'नूतन' हे नाव खोडून 'तोताराम, साखरपुडा' असं लिहिलेलं होतं. तोतारामचा साखरपुडा पूर्ण बघून झाला. पडद्यावर मुंग्या आल्या. प्रेमराज मशीन बंद करायला उठला, तेवढ्यात चित्र हललं आणि मांडवाच्या दाराशी उभी असलेली जीप दिसली. साखरपुडा लवकर आटोपला होता आणि खालच्या लग्नाचं शेपूट तेवढं पुसायचं राहून गेलं होतं.

नूतन आईच्या गळ्यात पडली होती. कॅमेरा अगदी जवळ होता.

"माय, मले नही जायचं वं. दिवाळीले त्यायनं बोलावलं तवा पाहून आली ना मी ते घर. भेव वाटतं मले. सांगितलं व्हतं ना तुले."

"चूप. लोकं पाहून राह्यले," शेवंताबाईचा आवाज आला.

मग कॅमेऱ्यामागून प्रेमराजचा, तरुण, घाईतला आवाज: "ताई, जरा इकडे बघा. हसा."

सगळं मिळून चाळीस सेकंद. त्याने खुर्ची मागे ढकलली आणि बराच वेळ दुकानाच्या शटरला टेकून उभा राहिला. हे त्याने तेव्हाही ऐकलं असणार. एडिटिंग करताना ऐकलं असणार आणि त्यावर गाणं ओढलं असणार. त्याला काहीसुद्धा आठवत नव्हतं.

मायलेक आले तेव्हा त्याने भूपेंद्रला आधी एकट्याला हेडफोन लावून ऐकवलं. भूपेंद्रचा चेहरा पडला.

"भाऊ, पुढचं कापून टाका," तो हळूच म्हणाला. "'माय' म्हणते ना, तेवढंच ठेवा."

"काय कुजबुज लावली रे?" शेवंताबाईने विचारलं. "पाठवणीचं सापडलं का?"

भूपेंद्रने घाईने हेडफोन काढून काउंटरवर ठेवला.

"सापडलं तर मग," ती म्हणाली. "पुरं लाव, प्रेमराज. ती काय बोलली ते मी कोणालेच सांगितलं नही. तिच्या बापाले बी नही. सत्तावीस वर्सं मी मलेच समजावते का ती असं काही बोललीच नही, मलेच भास झाला. आता जे खरं असंल ते ऐकू दे."

प्रेमराजने स्पीकर लावला. ती मांडीवर हात ठेवून ऐकत राहिली. स्वतःचा 'चूप' ऐकू आला तेव्हा तिची मान खाली गेली, पण तिने थांब म्हटलं नाही. भूपेंद्र उठला आणि बाहेर निघून गेला.

"अजून एकदा."

प्रेमराजने पुन्हा लावलं. शेवटी त्याचा स्वतःचा आवाज आला तसं त्याला तोंड लपवावंसं वाटलं, समोरच्या बाईला दिसत नव्हतं तरीही.

"तू हस म्हणाला तिले," शेवंताबाई म्हणाली. "मंग? हसली का ती?"

प्रेमराजने पडद्याकडे पाहिलं. नूतनने शालूच्या पदराने डोळे पुसले होते आणि न हसता, मान वर करून थेट त्याच्याकडे बघितलं होतं.

"हसली," तो म्हणाला.

तिने पेन ड्राइव्ह मागून घेतला, रुमालात बांधला आणि भूपेंद्रला हाक मारली. तो आला नाही. मग प्रेमराजनेच तिला दंडाला धरून पायऱ्या उतरवल्या. भूपेंद्र गाडीपाशी उभा होता. त्याने दार उघडलं, पण आईचा हात धरला नाही. शेवंताबाईने चाचपडत सीट शोधली, पदर आत ओढून घेतला आणि गाडी निघायची वाट बघत समोर तोंड करून बसली.