चार बटणांची फळी

मी एक फळी बोलतेय. साधीसुधी नव्हे हं! चार मोठाली बटणं, एक दांडी आणि शेपटीसारखी लांब वायर असलेली खेळाची फळी. कॉलेजच्या गेमिंग रूममध्ये, पडद्याआडून झिरपणाऱ्या दुपारच्या उजेडात मी पडून असते आणि अर्धवट झोपेत कधी न पाहिलेल्या रस्त्यांची स्वप्नं बघते.

माझा जन्म कॉलेजच्याच वर्कशॉपमधला. व्हीलचेअरवरून येणाऱ्या एका मुलीला व्हिडिओ गेमच्या संघात खेळायचं होतं. तिला सगळे चिमणी म्हणत. तिची बोटं वळत नसत, त्यामुळे छोटा कंट्रोलर हातातून निसटायचा. मग वर्कशॉपच्या सरांनी मला घडवलं. बटणं तळहाताने दाबायची, दांडी मनगटाने ढकलायची. तिचा उबदार तळहात पहिल्यांदा माझ्यावर टेकला, तेव्हा मी मोहरून गेले. पडद्यावरची निळी गाडी हलली आणि आम्ही दोघी जणू ढगांवरून निघालो.

संघातली मुलं मनाने फार चांगली. तिथंच तर घोडं पेंड खात होतं! सरावात चिमणी रोज जिंकायची. "वा गं वाघिणी!" कप्तान ओरडायचा. स्पर्धेसाठीची निवड तोंडावर आली होती आणि ती हवेत तरंगत होती. खरं सांगायचं तर मीही.

एका दुपारी शर्यत ऐन रंगात आली असताना तिने अचानक माझ्यावरचा हात उचलला. आमची गाडी शेवटच्या रेषेअलीकडे थांबली. आणि काय सांगू, मागच्या सगळ्या गाड्याही शहाण्यासारख्या रांगेत थांबल्या!

"जा की पुढे," चिमणी म्हणाली. कुणी हलेना.

"अगं, तुला बरं वाटावं म्हणून..." कप्तान चाचरला.

"बरं वाटायला मी दवाखान्यात जाते. इथे खेळायला येते!"

तिचे डोळे भरून आले. मला त्या भल्या पोरांचा पहिल्यांदाच राग आला.

निवडीच्या दिवशी सगळे खरंखुरं खेळले. चिमणी शेवटून पहिली आली.

"तरी संघात एक जागा तुला देऊ ना," कप्तान म्हणाला.

"देऊ नकोस. मी घेईन."

त्यानंतर वर्षभर ती रोज आली आणि रोज हरली. हरता हरता गाडी वळवायला शिकली. माझं एक बटण झिजलं, दांडी सैल झाली. डोळा लागला तरी स्वप्नात तीच वळणं यायची.

आणि परवा पुन्हा निवड झाली. आमची निळी गाडी कप्तानाच्या गाडीला घासून पुढे सटकली आणि तिने रेषा ओलांडली. चिमणी संघात आली! कप्तानाचं तोंड एवढंसं झालं.

"आडवी आलीस तू! रडीचा डाव आहे हा! बोलूच नकोस माझ्याशी!" असं तणतणत तो दार आपटून निघून गेला.

चिमणी कितीतरी वेळ त्या दाराकडे बघत राहिली. मग माझ्यावर वाकून हळूच म्हणाली, "चिडला गं. माझ्यावर खरंच चिडला!" आणि हसता हसता रडू लागली.

माझ्या जागी आता नवी फळी येणार आहे म्हणे. येऊ दे, मी थकलेय. पण बाबांनो, चिमणीसमोर खेळायला बसाल तेव्हा मुद्दाम हरू नका. कडाकडा भांडा.