यंत्राशी खोटं बोलू नये

बापाला मातीत ठेवून ऑरेलिया घरी आली त्याच आठवड्यात, शनिवारी, त्याच्या खुर्चीवर रुलो बसला. खुर्ची थंड पडली की पत्ते रुसतात, असं तुचो खाटीक दफनभूमीच्या फाटकातच म्हणाला होता, आणि रुलो हा त्याचा मेहुणा.

नदीकाठच्या त्या गावात क्लब एकच, आणि क्लबात मानाचं टेबल एकच, खिडकीशेजारचं. त्याला खुर्च्या चार. पैशांचा खेळ तिथं कधी चालला नाही, घेवड्याचे पांढरे दाणे घेऊन पोकर चालायचा. पण त्या चार खुर्च्यांतली एक मिळावी म्हणून गावातल्या माणसांनी भाऊबंदकी केली होती. जो तिथं बसतो त्याला रस्त्यात लोक आधी हाक मारतात. जो बसत नाही तो काचेबाहेरून बघतो.

ऑरेलियाने पुष्कळ वर्षं काचेबाहेरून बघितलं. सोळाव्या वर्षापासून ती बापाला, अनास्तासियोला, न्यायला यायची आणि डाव संपेपर्यंत ओट्यावर उभी राहायची. आता चाळिशी ओलांडली, पोस्टात खिडकीमागे बसून तिकिटं विकता विकता केस पिकायला लागले, लग्न राहून गेलं ते गेलंच. बाप गेल्यावर तिला उमगलं की आपल्याला त्या काचेपलीकडे जायचंय. दुसरं काही मागायचं तिला सुचतच नव्हतं.

ती आत गेली आणि म्हणाली, "मला खुर्चीसाठी खेळायचंय."

तुचोने सिगारेट खाली ठेवली. "बायका या टेबलापाशी दोनच कामांना येतात, पोरी. केक आणायला, नाहीतर नवऱ्याला ओढून न्यायला. नवरा तर तुला नाही. मग केक कुठाय?"

रुलो खिंकाळल्यासारखा हसला. औषधवाला ओलेगारियो मात्र चष्मा पुसत म्हणाला, "नियम म्हणजे नियम, तुचो. मागेल त्याला एक दुपार. संध्याकाळची घंटा झाली की ज्याच्यापुढं सगळ्यांत कमी दाणे, तो उठला. बाई चालत नाही, असं कुठं ठरलंय?"

"घोडी चालत नाही असंही ठरलेलं नाही," तुचो म्हणाला. "बरं. संत्री उतरली की ये. तोवर पोस्टात तिकिटं चाट."

चौथ्या खुर्चीवरचा माणूस तेवढा हसला नव्हता. तो सेलेस्तिनो. बाप्तिस्म्याच्या वेळी ऑरेलियाला हातांवर धरणारा, म्हणून तिचा पाद्रिनो, धर्माचा बाप. अनास्तासियोचा तर जिवाचा दोस्त. बाहेर येऊन त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "उद्यापासून माझ्या पडवीत ये. माझ्याकडे मास्तर आहे."

मास्तर म्हणजे रोसारियो शहरात राहणाऱ्या त्याच्या नातवाने टाकून दिलेला कॉम्प्युटर. त्यात पोकरचा खेळ होता, आणि खेळात यंत्राचे चार गडी: टोपीवाला, मिशाळ, एक लाल ओठांची बाई आणि एक टक्कल. सेलेस्तिनो रोज माते नावाच्या कडू चहाचं भांडं मांडीशी धरून त्यांच्याशी खेळायचा, आणि जिंकायचा.

"हे बघ," तो म्हणाला, "पाच पानं येतात. नकोत ती एकदाच बदलायची. मग चाल. आपल्या लोकांचं काय होतं, आपल्याला लहानपणापासून पत्त्यांतल्या त्रुकोची सवय. त्यात थाप मारायची, डोळा मारायचा, आरडाओरडा करायचा. हात रिकामा असला की छाती जास्त फुगवायची. यंत्रापुढं फुगवून बघ."

तिने बघितलं. हातात काही नसताना मूठभर दाणे पुढे सरकवले. टोपीवाल्याने शांतपणे तेवढेच टाकले, नवाची जोडी दाखवली आणि सगळं ओढून नेलं.

"मेला भित्राच नाही," ती म्हणाली.

"भ्यायला छाती लागते गं. त्याच्याकडे कुठं आहे? टोपीवाला काहीही घेऊन शेवटपर्यंत येतो. म्हणून त्याच्याशी खोटं बोलायचं नाही. दहा हात येतील, आठ फेकायचे. कंटाळा आला तरी फेकायचे, आणि चांगला हात आला की लाजायचं नाही, जोरात लावायचं. तो येतोच. उगाच येतो आणि भरतो."

"आणि मिशाळ?"

"तो पळपुटा. मोठी चाल बघितली की पानं टाकतो. तो थांबला तर समज, त्याच्याकडे खरंच आहे. तेव्हा तू पळायचं. आणि होता होईल तो शेवटी बोलायचं. आधी बाकीचे काय करतात ते बघायचं. संपलं शास्त्र. शेतात पेरण्यासारखं आहे, थांबता आलं पाहिजे."

ऑरेलियाला थांबता येत होतं. तिचं आयुष्यच त्यात गेलेलं. हिवाळा असाच पडवीत सरला. ती पानं फेकायची, फेकायची, आणि एकदाच हात घालायची, बगळ्यासारखा. यंत्राचे दाणे तिच्या बाजूला साचत राहिले.

एका दुपारी सेलेस्तिनो खेळत होता आणि ती शेजारी मोजे विणत होती. त्याची पानं आली. त्याने मान थोडी कलती केली आणि गळ्यातल्या गळ्यात म्हणाला,

*नदीकाठच्या वेळूला वारा विचारी गं नाव,*
*ज्याच्या हातामंदी पानं, त्याच्या हातामंदी गाव.*

त्रुकोत फूल लागलं, म्हणजे तिन्ही पानं एका रंगाची आली, की दोन ओळी म्हणायच्या अशी जुनी रीत. सेलेस्तिनोचे ओठ ती रीत पोकरमध्येही पाळायचे, आणि त्याला पत्ता नसायचा. त्याने चाल केली. मिशाळ सोडून बाकीचे यंत्रगडी आले. त्याने तीन राण्या मांडल्या आणि सगळं ओढलं.

"बघ," तो लहान मुलासारखा म्हणाला, "हे मला दाणे देतात तसं क्लबात कुणी देत नाही. तिथं माझं नशीबच फुटकं. मला पानं चांगली आली की नेमकी बाकीच्यांना वाईट येतात. एकूण एक टाकून मोकळे! तीस वर्षं हेच चाललंय."

ऑरेलियाची सुई थांबली. यंत्राला गाणं कळत नाही, म्हणून यंत्र येतं. तिने पाद्रिनोच्या तोंडाकडे बघितलं. सांगायला दोन शब्द पुरले असते. तिने टाका मोजला आणि विणत राहिली.

संत्री उतरली. स्वयंपाकघरातलं एक स्टूल आणून चार खुर्च्यांमध्ये ठेवलं आणि ऑरेलिया त्यावर बसली. काचेबाहेर बघे जमले.

ती शिकवल्याबरहुकूम खेळली. फेकलं, फेकलं, थांबली. एक्क्यांची जोडी आली तशी जोरात लावली.

तुचोने पानं टाकली. ओलेगारियोने टाकली. रुलोने, सेलेस्तिनोनेही टाकली. मधले चार दाणे तिला मिळाले.

पुन्हा तासभर फेकलं. दोन जोड्या आल्या. लावलं. सगळ्यांनी टाकली.

"पोस्टाचा शिक्का आहे हा," तुचो म्हणाला. "पडला म्हणजे खरा. उघडून कशाला बघायचं?"

"बाई खोटं बोलत नाही," रुलो म्हणाला. "म्हणून तर लग्न जमलं नाही."

काचेबाहेरपर्यंत हशा गेला. ऑरेलियाचे कान तापले. प्रत्येक हाताला प्रत्येकाने एक दाणा मध्ये टाकायचा असतो, तेवढ्यानेच ती झिजत होती. यंत्र उगाच येत होतं आणि भरत होतं. ही माणसं येतच नव्हती. तिला कुणी हरवत नव्हतं. नुसती वाळत घातली होती, पडवीतल्या मिरचीसारखी.

सेलेस्तिनोचंही तेच. दोनदा तो गळ्यातल्या गळ्यात गुणगुणला, दोनदा टेबलावरची पानं धडाधड खाली पडली. "फुटकं नशीब," तो तिच्याकडे बघून हसला. "पण तू बरोबर खेळतेयस हां. असंच."

चर्चचा घंटावाला चौक ओलांडून जाताना दिसला. ओलेगारियोने जाहीर केलं, "शेवटचा हात."

सगळ्यांत कमी दाणे ऑरेलियापुढं होते. तिच्याहून थोडे जास्त रुलोपुढं, आणि सेलेस्तिनो त्याच्या ओंजळभर वर. पानं वाटली गेली. तिने उचलून बघितली. सत्ता, चौका, नव्वा, गुलाम, दुर्री. वेगवेगळ्या रंगांची, एकमेकांची तोंडओळख नसलेली पाच पानं.

आणि उजव्या बाजूने आवाज आला, हलका, पाण्यावरून आल्यासारखा:

*नदीपल्याड गं घोडा कुणासाठी खिंकाळतो,*
*दार उघडं ठेवून म्हातारा गं वाट पाहतो.*

सेलेस्तिनोने चांगली ओंजळभर चाल केली. तुचोची पानं पडली, ओलेगारियोची पडली, रुलोची पडली. आता तिचीही पडणार म्हणून तुचो पाठ टेकून आरामात बसला.

ऑरेलियाने ओंजळभर दाणे टाकले.

"किती पानं?" ओलेगारियोने विचारलं.

"दोन," सेलेस्तिनो म्हणाला आणि दोन बदलली.

"मला नकोत," ऑरेलिया म्हणाली.

बाहेरचे बघे काचेला चिकटले. एकही पान न बदलणारा म्हणजे हात आधीच भरलेला. ऑरेलियाने उरलेले सगळे दाणे दोन्ही तळहातांनी पुढे लोटले. हिवाळाभर तिने भय नसलेल्या गड्यांसमोर बसून काढला होता, थोडं त्यांचं अंगाला लागलंच होतं.

सेलेस्तिनोने कपाळ पुसलं. ही थाप असती आणि तो आला असता तर ती संपली असती. ते त्यालाही कळत होतं. तो तिच्या डोळ्यांत बघत राहिला. बाप्तिस्म्याचं पाणी पडलं तेव्हा हे डोळे मिटून घेणारी पोर त्यानेच धरली होती.

"नाही," तो शेवटी म्हणाला. "हिला मी शिकवलंय. ही लावते तेव्हा हिच्याकडे असतं. मी आलो तर खुर्चीच जाईल, टाकलं तर रुलोपेक्षा तरी जास्त राहतील." आणि त्याने पानं उलटी न टाकता, अभिमानाने, सुलटी मांडली. तीन राजे. "बघा. तीन राजे टाकायला काळीज लागतं."

घंटा झाली. ओलेगारियोने प्रत्येकाचे दाणे मोजले. रुलोपुढचे मोजून झाले, मग सेलेस्तिनोपुढचे दोनदा मोजले. चारच दाणे कमी पडले होते, पण कमी ते कमी.

सेलेस्तिनोचा चेहरा उतरला. मग त्याने तो परत चढवला. "खरा हात खऱ्या हाताला हरला," तो म्हणाला. "त्यात लाज कसली? खुर्ची घरातच राहिली. ये, पोरी."

जिंकल्यावर पानं दाखवायची सक्ती तिथं नव्हती. ती पाच पानं उलटीच गड्डीत सरकवली असती तर म्हातारा समाधानाने घरी गेला असता. तिने हात पुढे केलाही होता.

"पानांनी तारलं बाईला," तुचो म्हणाला. "पानं आली तर गाढवही जिंकतं."

ऑरेलियाचा हात थांबला. तिने एकेक पान सुलटं केलं. सत्ता. चौका. नव्वा. गुलाम. दुर्री.

काचेबाहेर कुणीतरी शीळ घातली. सेलेस्तिनो पानांवर वाकला, एखादं पाठीमागे लपलंय की काय असं बघत.

"तू... पण मी एवढी चाल केल्यावर? माझ्याकडे असेल असं नाही वाटलं तुला?"

"असेलच, हे माहीत होतं, पाद्रिनो. म्हणून तर. खरं असेल तोच घाबरून जपतो."

"कसं माहीत होतं?"

"तुम्ही गायलात."

"मी? मी कधी गायलो?"

आता तुचोने टेबलावर मूठ आपटली. तो खरोखरच चिडला होता. "सांगून मोकळी झालीस! पोरी, अक्कल आहे का? तीस वर्षं आम्ही तिघं आळीपाळीने धार काढतोय, आणि तू पहिल्याच दिवशी दुभती गाय कापलीस?"

ओलेगारियोने चष्मा काढला आणि पुसायला घेतला. रुलो दाण्यांशी खेळू लागला. सेलेस्तिनो एकेकाकडे बघत गेला. त्याचे ओठ हलले, जणू आतल्या आत तीस वर्षांचे शनिवार तो पुन्हा म्हणून बघत होता. मग तो अडखळला.

"तिघं," तो म्हणाला. "रुलो तर आत्ता आला." तो ऑरेलियाकडे वळला. "अनास्तासियोला नव्हतं ना माहीत?"

सगळी पानं टेबलावर उघडी पडली होती. एक खोटं तिने नुकतंच बोलून दाखवलं होतं, दुसरं काही जड नव्हतं. पण तुचो तिच्याकडे बघत होता, आणि तिला आता बोटचेपी दिसणं परवडणारं नव्हतं.

"बाबा घरी येताना रस्त्यात सांगायचे," ती म्हणाली. "आज सेलेस्तिनो किती वेळा गायला. आम्ही हसायचो."

सेलेस्तिनोने टोपी घेतली. दारापाशी त्याला उंबरा दिसला नाही, तो ठेचकाळला, बाहेरच्या बघ्यांनी वाट करून दिली. तो काचेसमोरून गेला तेव्हा त्याने आत बघितलं नाही.

ऑरेलिया खुर्चीवर बसली. तुचोने गड्डी पिसली आणि वाटायला लागला, पहिलं पान तिला. रुलो मेहुण्याकडे बघून भुवई उडवत म्हणाला, "आता बाई खोटंही बोलते हे कळलं. आता येऊ आम्ही बघायला."

"या की," ती म्हणाली आणि पानं उचलली.