फौजदार येईपर्यंत

मुंबई राज्यात दारूबंदी येऊन आठ-नऊ वर्षे लोटली होती. एवढ्या अवधीत कुलाबा जिल्ह्यातील दारू बंद न होता केवळ दर्जाने खालावली होती, आणि ही गोष्ट तिच्या बंदोबस्तावर नेमलेल्या मंडळींखेरीज सर्वांना ठाऊक होती. अशा मंडळींना अधूनमधून काहीतरी करून दाखवावे लागते. त्या हिवाळ्यात वरून कागद आला की, चोरटी दारू मोटारसायकलींवरून जाते. सबब मोटारसायकली अडवून तपासाव्यात. तालुक्यात मोटारसायकली अकरा होत्या. बैलगाड्या किती होत्या हे कोणी मोजले नाही, कारण कागदात बैलगाडीचे नाव नव्हते. चोंढीच्या फाट्यावर दोन पिंपांवर एक बांबू आडवा टाकण्यात आला, आणि कायद्याचे राज्य सुरू झाले.

शिवदास भंडारी त्या अकरांपैकी एक. किहीमच्या माडांवरून पहाटे उतरवलेली नीरा दोन किटल्यांत भरायची, लष्कराच्या लिलावातून आलेल्या जुन्या फटफटीला दोहों बाजूंनी त्या लटकवायच्या आणि अलिबागच्या नीरा-केंद्रात सूर्योदयापूर्वी पोचवायच्या, हा त्याचा परवान्याचा धंदा. त्याच्या बापजाद्यांनी माडी उतरवली, आणि बंदीने त्या विद्येला एका रात्रीत गुन्हा ठरवले. शिवदासाने तेच माड, तीच मडकी, रस आंबू नये म्हणून आत चुन्याचा हात तेवढा वाढवून, कायद्यात बसवली होती. पण नीरा मोठी मानी वस्तू. पहाटे ती मधासारखी असते. ऊन चढले की फसफसते आणि तिची माडी होते. किटलीत माडी सापडली की परवाना रद्द, असे परवान्यावरच छापलेले होते. परवाना गेला म्हणजे माडाला हात लावायचा हक्क गेला. आणि माडाखेरीज शिवदासाला दुसरे काही येत नव्हते.

त्या दिवशी सव्वासहाला तो फाट्यावर आला. बांबूपाशी हवालदार तुकाराम उभा होता. हा साताऱ्याकडचा, माडाचे झाड त्याने प्रथम पाहिले ते बदलीच्या हुकुमानंतर.

"ए फटफटी! बंद कर. किटलीत काय?"

"नीरा हाय, हवालदार. ह्यो परवाना."

तुकारामाने परवाना उलटसुलट करून पाहिला. "नीरा म्हंजी माडीच की."

"दुधाला दही म्हनता का तुमच्याकडं?" शिवदास म्हणाला. "सोडा लवकर, दिवस उगवंल."

"उगवू दे. सायबांचा हुकूम हाय. फटफटीवरचा जिन्नस सायब सोता तपासनार. बस तिथं."

बसायला तिथे आधीच एक गृहस्थ होते. विम्याची कामे करणारे दत्तात्रेय, आपल्या मोटारसायकलीला टेकून. शिवदासाला पाहताच त्यांच्या वाणीला धार चढली. "हा शुद्ध अन्याय आहे, शिवदास! चार चाके मोकळी, दोन चाके आरोपी! आपण अकरा जणांनी सह्यांचे निवेदन दिले पाहिजे." हे सारे त्यांनी तुकारामाला ऐकू जाणार नाही इतक्या आवाजात सांगितले.

इतक्यात बाबाजीची गवताची गाडी आली. गवत सकाळच्या थंडीतही हातभट्टीच्या नवसागराच्या वासाने दरवळत होते, आणि त्याखाली काय निजले आहे हे बैलांनाही माहीत असावे. तुकारामाने बांबू स्वतः उचलून धरला. "रामराम, बाबाजी."

"त्यो वास आला का तुमाला?" शिवदासाने विचारले.

"गवताला वास असतोच," तुकाराम म्हणाला.

पूर्वेला तांबडे फुटले. शिवदासाने किटलीचे झाकण काढून कान लावला. आत अजून शांत होते. या शांततेला अर्ध्या-पाऊण तासाचे आयुष्य होते, आणि फौजदार अद्याप अंथरुणात होते. वाद घालून बांबू हलणार नाही हे त्याने ओळखले. त्याने पेला भरला.

"हवालदार, वास घेऊ नका वाटलं तर. चाखून बघा. माडी असंल तर मला बेडी घाला."

तुकाराम प्रथम मागे सरला. मग एक घोट घेतला. मग पेला रिता केला. "आयला! आमच्या उसाच्या रसाला मागं टाकती की रं! अजून दे."

तीन पेले झाले.

"मग गोड हाय ना? आता सोडा."

मिशा पुसत तुकाराम म्हणाला, "सायब आल्याबिगर?"

साहेब साडेआठला जीपने आले. दाढी घोटलेली, चहा झालेला, मुद्रेवर रात्रभर राज्य राखल्याचा थकवा. एव्हाना किटल्यांची झाकणे फेसाने उचलली जात होती. फौजदारांनी नाक खाली नेले आणि विजयी मुद्रेने वर केले.

"माडी."

"आत्ता हाय, साहेब. सव्वासहाला न्हवती."

"पुरावा?"

शिवदासाने दत्तात्रेयांकडे पाहिले. दत्तात्रेय वाकून आपल्या चाकातील हवा दाबून पाहू लागले. "मी... माझे लक्ष नव्हते, साहेब."

"ऱ्हाऊ दे त्यास्नी," शिवदास म्हणाला. "पुरावा तुमच्या हवालदाराच्या पोटात हाय. तीन पेले. तवा ती माडी असंल तर कामावर माडी प्याला म्हनून त्याला नि मला एकाच बेडीत घाला. नीरा असंल, तर तसं लिवून द्या. वेळ टाकून."

फौजदार तुकारामाकडे वळले. तुकारामाने टाचा जुळवल्या. "गोड हुती, सायब."

न्याय म्हणजे काय याचा विचार फौजदारांनी केला नाही; तशी सवय नव्हती. हवालदारावरचा अहवाल तीन प्रतींत लिहावा लागतो, एवढाच विचार त्यांनी केला. त्यांनी कागद मांडीवर घेतला आणि लिहिले: 'सकाळी सव्वासहा वाजता तपासणी केली. नीरा आढळली.' सही झाली. बांबू उठला.

शिवदासाने कागद परवान्याच्या घडीत ठेवला, किटल्या सोडल्या आणि दोन्ही रस्त्याकडेच्या चरात उपड्या केल्या. फेस गवतातून पसरत गेला.

"अरे, नीरा म्हणून मी लिहून दिलंय ना?" फौजदार ओरडले. "मग ओततोस कशाला?"

"तुमच्या लिवन्यानं ती परत गोड व्हत न्हाय, साहेब."

"बरं, बरं. उद्यापासून लवकर निघत जा."

शिवदासाने फटफटीला किक मारली. काही माणसांना उत्तर देणे म्हणजे त्यांना प्रश्न समजला होता असे मानणे.

अलिबागच्या केंद्रापुढे पहाटेपासून थांबलेली माणसे पांगली होती. पेन्शनीतले एक मास्तर तेवढे तांब्या घेऊन फळीवर बसले होते. रिकाम्या किटल्यांचा खडखडाट ऐकून ते उठले. शिवदासाने त्यांच्या हाती कागद दिला. मास्तरांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला.

"नीरा आढळली, असं लिहिलंय," ते म्हणाले. "मग आहे कुठं?"

"त्यांना आढळली," शिवदास म्हणाला, "म्हनूनच न्हाय, मास्तर."