काचेखालून दिसलेली पकड

"हे तुला खरं वाटायचं नाही. आजवर कोणालाच वाटलेलं नाही," मायक्रोस्कोप सांभाळणारे काका म्हणाले आणि त्यांनी यंत्राभोवतीच्या गरम पेटीचं दार लावून घेतलं.

समोरच्या संशोधक पोरीला काहीच ऐकायचं नव्हतं. पेशींची ही तिची शेवटची डिश. आज त्या डिशच्या तळाच्या काचेला धरून बसलेल्या दिसल्या नाहीत, तर प्रयोगशाळेच्या मॅडम संध्याकाळी तिचं काम बंद करणार होत्या. या यंत्रात काचेखालून उजेड सोडतात. पेशी जिथे घट्ट टेकलेली, तिथे काळं दिसतं; जिथे सुटलेली, तिथे उजळ. पडद्यावर सगळं लख्ख उजळ होतं.

"सुटल्यात सगळ्या. टाकून देते, काका."

काकांनी मघाशीच पाहिलं होतं. डिश धुवायचं पाणी तिने फ्रिजमधून काढून तसंच ओतलं होतं. गारठ्याने पेशी अंग चोरून घेतात. ऊब मिळाली की पुन्हा पाय पसरतात. पण हे सांगावं, तर पोर दर मिनिटाला पेटी उघडून बघणार आणि ऊब घालवणार. बत्तीस वर्षांत काकांनी थंडीने गेलेल्या डिश थोड्या पाहिल्या, माणसांच्या घाईने गेलेल्या पुष्कळ. त्यांनी यंत्राचा दिवा बंद केला आणि स्टूल पुढे ओढलं.

"एकदा एका पेशीने काच अशी धरली, की मी डिश उचलली तर मायक्रोस्कोप वर आला. त्याच्यामागून टेबल. टेबलाला टेकून आमचा शिपाई चहा पीत होता, तोही."

"आणि चहा?"

"थेंब सांडला नाही!"

नाही म्हणता म्हणता ती हसली. छताला जाऊन टेकलेल्या शिपायाला उतरवायला मॅडम शिडी घेऊन आल्या, त्याही कशा लटकल्या, ते सांगण्यात अर्धा तास गेला.

"पण सोडली का नाही तिने?"

"सोडेल कशी? पेशी धरते ती सगळ्या अंगाने. सबंध तळवा काचेला, केसाएवढी फट नाही," काका म्हणाले आणि त्यांनी हळूच दिवा लावला.

ती पडद्याकडे वाकली. वाकलेलीच राहिली.

"काका, थापा मारता! सगळ्या अंगाने कुठे? मधे तर उजळच आहे. नुसत्या कडेच्या ठिपक्यांनी धरलंय, हे बघा, काळे, एक, दोन... अहो, सगळ्यांनी धरलंय!"